प्रोक्लोरोकॉकसची गळालेली जनुकं शोधताना: कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

सिनेकोकॉकस आणि प्रोक्लोरोकॉकस हे पाण्यात प्रकाशावर जगणारे नातलग जीवाणू. काम असं: समुद्रातल्या सिनेकोकॉकससारख्या पूर्वजापासून प्रोक्लोरोकॉकसपर्यंत येताना कोणती जनुकं वंशवृक्षाच्या कुठल्या फांदीवर गळाली, त्याचा तक्ता तयार करायचा. भूमध्य समुद्रात ५ मीटर खोलीवर मिळालेल्या मेड-४ या वाणाचा जीनोम (सगळा डीएनए) १६,५७,९९० बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं अक्षर), जीसी (चार अक्षरांपैकी जी आणि सी यांचा वाटा) ३०.८ टक्के. गल्फ स्ट्रीममध्ये १३५ मीटरवरून आलेल्या एमआयटी-९३१३ चा २४,१०,८७३ बेसचा, जीसी ५०.७ टक्के. नातं ओळखायला वापरलं जाणारं १६एस आरआरएनए जुळवलं तर सगळ्या प्रोक्लोरोकॉकसमध्ये मिळून तीन टक्क्यांहून कमी फरक, आणि जीनोममध्ये मात्र साडेसात लाख बेसची तफावत. हे साडेसात लाख कुठे गेले, एवढाच प्रश्न.

पहिला संच: पूर्ण जुळलेले, एकाही फटीविना असलेले १२ प्रोक्लोरोकॉकस (मेड-४, एमआयटी-९५१५, ९३१२, ९२१५, ९३०१, ९२११, ९३०३, ९३१३, एएस-९६०१, नॅटल-१ए, नॅटल-२ए, एसएस-१२०), समुद्री सिनेकोकॉकसचे चार (डब्ल्यूएच-८१०२, सीसी-९३११, ९६०५, ९९०२) आणि बाहेरचा गट (तुलनेसाठीचा दूरचा नातलग) म्हणून गोड्या पाण्यातला सिनेकोकॉकस इलोंगेटस पीसीसी-७९४२. एकूण १७. मशीन १६ कोरचं, ६४ जीबी रॅम.

डाउनलोड वीस मिनिटांत उरकलं. त्यानंतरचे अडीच दिवस मात्र वाया गेले, कारण खाली.

६ फेब्रुवारी

जीनोमसोबत मिळालेल्या प्रथिनांच्या फाइली जशाच्या तशा वापरल्या. ही पहिली आणि सगळ्यात महाग चूक. काही फाइली मूळ संशोधकांनी भरलेल्या, काही डेटाबेसने नंतर स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहिलेल्या. एकाच पेशीची दोन वर्षांतली दोन वर्णनं जुळत नाहीत: मेड-४ मध्ये २००३ साली १,७१६ जनुकं मोजली गेली होती, २००७ च्या तुलनेत तीच संख्या १,९०० च्या वर. एमआयटी-९३१३ तर २,२७५ वरून २,८०० च्या पुढे. डीएनएचा एक बेसही बदललेला नाही, बदलला तो मोजणारा. पाचशेहून जास्त जनुकं अशी कागदावर 'उगवली'. जुनी यादी एका जीनोमची आणि नवी दुसऱ्याची घेतली की हा सगळा फरक उत्क्रांती म्हणून तक्त्यात उतरतो.

खूण पटवायची तर जनुकांचे क्रमांक बघा. जुन्या नोंदी मेड-४ साठी पीएमएम, एमआयटी-९३१३ साठी पीएमटी, एसएस-१२० साठी प्रो अशा सुरू होतात. नव्या नोंदींत क्रमांकाच्या आधी 'आरएस' येतं. एकाच फोल्डरमध्ये दोन्ही दिसले की थांबा.

निर्णय: मिळालेली सगळी प्रथिनं फेकली. सतराही जीनोमचे फक्त डीएनए ठेवले आणि जनुकं एकाच सॉफ्टवेअरने, एकाच आवृत्तीने, एकाच दिवशी नव्याने ओळखायची ठरवली. जुने क्रमांक टाकून देऊ नका. नव्या जनुकांच्या जागेशी जुळवून एका रकान्यात ठेवा, नाहीतर जुने शोधनिबंध वाचताना कोणतं जनुक म्हणजे कोणतं याचा पत्ता लागत नाही.

७ फेब्रुवारी

जनुकं ओळखून नावं देणारं बाक्टा लावलं. त्याचा पूर्ण डेटाबेस उघडल्यावर ७० जीबीच्या वर जातो हे वाचलं होतं, पण दबलेली फाइल आणि उघडलेली फाइल एकाच वेळी डिस्कवर असते हे ध्यानात आलं नाही. रात्री डिस्क भरली. सॉफ्टवेअर बंदही पडलं नाही; अर्धवट डेटाबेसवर बिनतक्रार चालत राहिलं आणि सकाळी अर्ध्या जनुकांपुढे 'अज्ञात प्रथिन'. उघडल्यावर फाइलींची बेरीज तपासा, मगच पुढे जा. पुन्हा चालवल्यावर सतरा जीनोम तीन तासांत झाले.

आणखी एक बारीक गोष्ट. जीनोम गोल असतो, फाइल सरळ असते. फाइलची सुरुवात ज्या बेसवर ठरवली आहे तिथे एखादं जनुक पसरलेलं असेल तर ते दोन तुकड्यांत तुटतं आणि दोन्ही तुकडे गाळले जातात. बाक्टाला जीनोम पूर्ण आहे असं सांगितलं की ते कडेवरून पलीकडे बघतं. सांगायला विसरलो होतो, दोन जीनोममध्ये एकेक जनुक 'गळालं' होतं.

१० फेब्रुवारी

कुटुंबं बांधणं, म्हणजे निरनिराळ्या जीनोममधली एकाच मुळाची जनुकं एकत्र करणं. आधी रोअरी हे सॉफ्टवेअर वापरून पाहिलं, कारण ते पटकन होतं. त्याची मूळ मर्यादा ९५ टक्के साम्याची; ते एकाच प्रजातीच्या अगदी जवळच्या वाणांसाठी बनलेलं आहे. एचएल (भर प्रकाशातले) आणि एलएल (मंद प्रकाशातले) गटांतली एकच प्रथिनं त्याच्या बरीच खाली असतात, त्यामुळे सगळ्यांत सामाईक म्हणून मूठभरच जनुकं उरली. मर्यादा ५० वर आणली तर उलट गोंधळ: शेजारची वेगळी कुटुंबं एकत्र चिकटली. नाव एक असलं तरी प्रोक्लोरोकॉकस ही 'एक प्रजाती' नव्हे. जीटीडीबी या वर्गीकरणाच्या डेटाबेसने तर त्याची अनेक वंशांत फाळणी केली आहे. रोअरी बाजूला ठेवलं.

मग कुटुंबं बांधणारं दुसरं सॉफ्टवेअर, ऑर्थोफाइंडर, प्रथिनांतलं साम्य शोधणाऱ्या डायमंडसह: २५ मिनिटं. १२ प्रोक्लोरोकॉकसमध्ये सामाईक कुटुंबं बाराशेच्या वर आली. आधीच्या प्रसिद्ध तुलनेत हाच आकडा १,२७३ होता, म्हणजे गाडी रुळावर आहे. हा ताळा न घेता पुढे जाऊ नका. तुमचा आकडा सातशे आला तर दोष जीवाणूंचा नाही.

१३ फेब्रुवारी

पहिली 'गळालेल्यांची' यादी हातात. सगळी खरी मानायच्या आधी वरची ४० कुटुंबं हाताने तपासली. ११ चुकीची निघाली, म्हणजे जनुक जीनोममध्ये बसलेलंच होतं, आमच्या यादीत नव्हतं. बहुतेक छोटी.

प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रातली काही प्रथिनं तीस अमिनो आम्लांच्या आसपास असतात. पेट-एन हे त्यातलं. जनुक शोधणाऱ्या प्रॉडिगलची किमान लांबी ९० बेस, म्हणजे ही जनुकं अगदी उंबरठ्यावर. एका जीनोममध्ये ओळखलं जातं, शेजारच्यात नाही. पेट-एन नसलेला, तरीही प्रकाशावर जगणारा जीवाणू यादीत दिसला तेव्हा हसू आलं, पण त्याच यादीत ज्यांचं काम माहीत नाही अशी छोटी जनुकं होती, आणि त्यांच्याबाबत हसायला कोणी थांबत नाही.

हली जनुकांचं प्रकरण याहून खोल. जास्त प्रकाशात पेशीचा बचाव करणारी ही छोटी प्रथिनं. मेड-४ मध्ये २२, एमआयटी-९३१३ मध्ये ९ असायला हवीत. आमच्या तक्त्यात मेड-४ साठी १६. सहा गेली कुठे? चार ऑर्थोफाइंडरच्या 'कुठल्याच कुटुंबात न बसलेली' या फाइलमध्ये पडली होती, कारण इतक्या छोट्या प्रथिनाला डायमंडच्या ई-मूल्याची (साम्य निव्वळ योगायोगाचं असण्याच्या अंदाजाची) अट पार करता येत नाही. दोन ओळखलीच गेली नव्हती. शिवाय उरलेल्या १६ मधली निरनिराळी जनुकं एकाच कुटुंबात गोळा झाली होती. हली दोन प्रकारची असतात: एक सिनेकोकॉकसपासून वारशाने आलेली, एकेरी, दुसरी पुन्हा पुन्हा नक्कल झालेली, जीनोमच्या अस्थिर बेटांजवळ (वाणागणिक बदलणाऱ्या पट्ट्यांजवळ) सापडणारी, आणि सायनोफाजमध्येही (या जीवाणूंच्या विषाणूंतही) मिळणारी. दोन्ही एकाच रकान्यात घातल्या तर मिळवणं आणि गमावणं दोन्हींची मोजणी चुकते.

दुरुस्ती अशी केली. शंभर अमिनो आम्लांखालची सगळी कुटुंबं वेगळी काढली. प्रत्येक कुटुंबातलं एक प्रथिन घेऊन टीब्लास्टएनने थेट डीएनएवर शोध: कमी गुंतागुंतीच्या भागांची झाकणी बंद, शब्दाची लांबी २, ई-मूल्य १० पर्यंत सैल. असा सैल शोध केरकचरा भरपूर आणतो, म्हणून दुसरी अट घातली: सापडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंची किमान दोन शेजारी जनुकं बाकीच्या जीनोममधल्यासारखीच हवीत. शेजार जुळला तर जनुक आहे. शेजार जुळला पण मधली जागा आखडलेली असली तर खरंच गेलं. शेजारच सापडला नाही तर तक्त्यात 'नाही' न लिहिता 'ठरत नाही' असं लिहायचं. ही तिसरी खूण ठेवल्यावर काम दुप्पट झालं, पण ती सोडू नये.

हे लिहायला अर्धा दिवस, चालवायला दहा मिनिटं, निकाल डोळ्यांनी बघायला चार दिवस.

१८ फेब्रुवारी

वंशवृक्ष. सगळ्यांत एकेकच प्रत असलेली कुटुंबं घेऊन माफ्टने अलाइनमेंट (अनुक्रम एकाखाली एक जुळवणं), ट्रिमालने कडा छाटल्या, सगळं जोडून आयक्यू-ट्रीने झाड.

डीएनएवर झाड बांधायचा मोह टाळा. ३१ टक्के जीसी आणि ५९ टक्के जीसी एकाच अलाइनमेंटमध्ये असताना कोडॉनचा (एका अमिनो आम्लासाठीच्या तीन बेसचा) तिसरा बेस नातं सांगत नाही, जीसी सांगतो. प्रथिनांवर गेलं तरी पूर्ण सुटका नाही: एटी जास्त असलेल्या जीनोममध्ये लायसिन, आयसोल्यूसिन, अ‍ॅस्परॅजिन वाढतात, अ‍ॅलॅनिन, ग्लायसिन, आर्जिनिन घटतात. आयक्यू-ट्री सुरुवातीलाच प्रत्येक अनुक्रमाची काय-वर्ग चाचणी (अमिनो आम्लांचं प्रमाण बाकीच्यांसारखं आहे का) छापतं, पास की नापास. जोडलेल्या अलाइनमेंटवर जवळपास सगळेच नापास झाले. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, इतक्या लांबीवर तसंच होतं. चाचणी एकेका जनुकावर चालवा आणि जी जनुकं पास होतात त्यांचाच संच करा.

सी-६० हे जास्त गुंतागुंतीचं उत्क्रांतीचं मॉडेल लावलं तर आयक्यू-ट्रीने ८० जीबीच्या वर रॅम मागितली. आमच्याकडे ६४. तरीही चालवून पाहिलं, मशीन डिस्कवर अदलाबदल करत बसलं, एक रात्र गेली. रॅमचा आकडा ते पहिल्याच मिनिटात छापतं, तो वाचायचा. चाचणीत पास झालेली २०० लांब जनुकं ठेवली, तेव्हा तेच मॉडेल निम्म्या रॅममध्ये बसलं. झाड अपेक्षेप्रमाणे: एमआयटी-९३१३ आणि ९३०३ प्रोक्लोरोकॉकसच्या तळाशी, सिनेकोकॉकसला लागून, मेड-४ आणि एचएलची बाकी मंडळी टोकाला.

जीसीचा सापळा किती पक्का असतो ते बघायला एक छोटा वेगळा रन केला, तो इथे नोंदवतो. सार-११ गटातला समुद्री जीवाणू पेलाजिबॅक्टर एचटीसीसी-१०६२ (१३,०८,७५९ बेस, जीसी २९.७), रिकेट्सिया प्रोवाझेकी (जीसी २९) आणि जीसी ६० च्या वर असलेले दोन मुक्त अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया, सोबत बाहेरचा गट. साध्या एलजी मॉडेलने पेलाजिबॅक्टर रिकेट्सियाच्या शेजारी, शंभर टक्के बूटस्ट्रॅप आधारासह (नमुने बदलून पुन्हा पुन्हा बांधलं तरी तीच जोडी). अमिनो आम्लांचे डेहॉफचे सहा गट करून (गुणधर्माने जवळची आम्लं एकच धरून) तेच झाड बांधलं तर जोडी सुटली, पेलाजिबॅक्टर मुक्त जगणाऱ्यांकडे सरकला. एक उवांमार्फत पसरणारा पेशीतला परजीवी, दुसरा उघड्या समुद्रातला. दोघांचे जीनोम लहान आणि एटीने भरलेले, पण वेगवेगळ्या वाटांनी तसे झालेले. सार-११ च्या जागेवरून हा वाद खरोखर झाला होता. शंभरचा बूटस्ट्रॅप म्हणजे मॉडेल ठाम आहे, बरोबर आहे असं नव्हे.

जाता जाता: पेलाजिबॅक्टरमध्ये दोन जनुकांमधली जागा मध्यकाने फक्त ३ बेस. अशा जीनोममध्ये जनुकाची सुरुवात दहा-वीस बेस इकडे-तिकडे चुकली तर ते थेट शेजारच्यावर चढतं, आणि अलाइनमेंटच्या डाव्या कडेला कचरा दिसतो. कडा छाटणं इथे चैन नाही.

२४ फेब्रुवारी

कोणत्या पूर्वजाकडे कोणती जनुकं होती याचा तक्ता, काउंट या सॉफ्टवेअरमध्ये. डॉलो पद्धत घेतली तर प्रत्येक कुटुंब झाडात एकदाच जन्मतं, नंतर फक्त गळतं. विषाणू जिथे जनुकं इकडून तिकडे नेतात तिथे हे चालत नाही: फाजमार्फत दोन टोकांना आलेलं एक हली जनुक दिसलं की डॉलो त्याला मुळापर्यंत नेऊन मधल्या प्रत्येक फांदीवर 'गळालं' लिहितो. वॅग्नर पद्धतीत जनुक पुन्हा मिळूही शकतं; त्यात मिळवण्याचा दंड (गळण्याच्या तुलनेतली किंमत) १ ठेवला की उलट, सगळं टोकाला मिळालेलं दिसतं. दंड २ आणि ३ दोन्हीने चालवलं आणि दोन्हींत सारखं आलं तेवढंच धरलं. बाकी 'ठरत नाही' मध्ये. मेड-४ च्या पाच बेटांमधली जनुकं जवळपास सगळी तिकडेच गेली, आणि ते योग्यच.

२७ फेब्रुवारी

नत्राची जनुकं वेगळी पाहिली, कारण इथे उत्तर आधीच माहीत आहे आणि आपला तक्ता कितपत खरा बोलतो ते कळतं. निर-ए (नायट्राइट) एमआयटी-९३१३ मध्ये आहे, मेड-४ आणि एसएस-१२० मध्ये नाही. जुळलं. नार-बी (नायट्रेट) बाराच्या बारा प्रोक्लोरोकॉकसमध्ये नाही, चारही समुद्री सिनेकोकॉकसमध्ये आहे. तक्त्याने सांगितलं: प्रोक्लोरोकॉकसच्या मुळाशी एकदाच गळालं. दोन्ही दंडांनी तेच. शेजार तपासला, डीएनएवर शोधलं, सगळीकडे 'नाही' पक्कं.

आणि तरीही चूक. नंतर वेगळे केलेले काही वाण, उदाहरणार्थ एचएल मधला एसबी आणि एलएल-१ मधला पॅक-१, नायट्रेटवर वाढतात, त्यांच्याकडे नार-बी आहे. आमच्या बारांत असा वाण योगायोगाने नव्हता, एवढंच. चुकीचं जनुक नव्हतं, झाडच अपुरं होतं.

संचात एसबी, पॅक-१, एमआयटी-०६०४ आणि एमआयटी-०९१७ घातले. एकदाच झालेली गळती फुटून टोकांजवळच्या अनेक गळत्या झाल्या. नार-बीचं स्वतंत्र झाड बांधलं: एचएलची प्रत एचएलसोबत, एलएल-१ ची एलएल-१ सोबत, मूळ झाडासारखीच. म्हणजे बाहेरून अलीकडे उचललेलं दिसत नाही. वारशाने आलेलं, आणि एकेका वाणाने आपापल्या पाण्यात टाकून दिलेलं. जीनोम लहान होणं ही प्राचीन काळी एकदा उरकलेली गोष्ट धरून चाललो होतो, ती अजून चालू आहे हे या एका जनुकाने दाखवलं.

एकवीस जीनोमवर सगळी कुटुंबं पुन्हा. सॉफ्टवेअरचा वेळ एक दिवस, डोळ्यांचा तीन.

४ मार्च

नव्या वाणांसोबत हाताशी होते म्हणून आणखी काही मसुदा जीनोम घातले, म्हणजे अनेक तुकड्यांत असलेले. लगेच तक्त्यात खळबळ: त्यातल्या एकाने कॅट-जी, म्हणजे कॅटालेजचं जनुक, 'मिळवलं' होतं. हे खरं असतं तर मोठी बातमी. प्रोक्लोरोकॉकसकडे कॅटालेज नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड निपटायला तो आजूबाजूच्या जीवाणूंवर विसंबतो, आणि २०१२ साली मांडलेल्या काळ्या राणीच्या कल्पनेचं (शेजारी करत असलेलं काम आपण सोडून द्यायचं) हेच ठळक उदाहरण.

तुकडा ६ किलोबेसचा. जीसी ४४ टक्के, बाकी जीनोम ३१. दोन्ही बाजूंची जनुकं ब्लास्टमध्ये (साम्य शोधणाऱ्या साधनात) ऑल्टेरोमोनास या दुसऱ्या जीवाणूशी जुळली. प्रोक्लोरोकॉकस एकटा वाढवणं कठीण असतं, त्यामुळे कल्चरमध्ये परपोषी सोबती असतातच, आणि पेरॉक्साइड साफ करून त्याला जगवणारे बहुधा तेच. सोबत्याचं जनुक पाहुण्यासारखं जीनोमच्या फाइलमध्ये येऊन बसलं होतं. जीनोमची शुद्धता तपासणाऱ्या चेकएमने दूषितपणा एक टक्क्याच्याही खाली दाखवला, कारण त्या ६ किलोबेसमध्ये त्याचं एकही खुणेचं जनुक नव्हतं. छोटा दूषित तुकडा चेकएमला दिसत नाही. प्रत्येक तुकड्याचा जीसी आणि कव्हरेज (तो किती वेळा वाचला गेला) यांचा आलेख काढा, ढगाबाहेरचा प्रत्येक ठिपका हाताने बघा.

एकेका पेशीपासून वाढवलेले जीनोमही पाहिले. डीएनए वाढवण्याची प्रक्रियाच असमान, काही भाग भरपूर, काही शून्य. असे जीनोम 'आहे' सांगण्यासाठी वापरता येतात, 'नाही' सांगण्यासाठी कधीच नाही. तक्त्यात त्यांच्या रिकाम्या घरांत शून्य न भरता प्रश्नचिन्ह भरलं. काउंट प्रश्नचिन्ह ओळखतं.

७ मार्च

डीएन/डीएस, म्हणजे प्रथिन बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या डीएनए-बदलांचं गुणोत्तर. एचएल आणि एमआयटी-९३१३ मध्ये डीएस (न बदलणारे) इतकं साचलेलं की आकड्याला अर्थ नाही. ते मोजणारं कोडएमएल बिनदिक्कत ४०, ६० असे आकडे देतं. दोन दिवस गेले. फक्त एचएलच्या आत, जवळच्या जोड्यांवर वापरलं आणि डीएस २ च्या वरची जोडी सोडून दिली.

डीएनए दुरुस्तीची जनुकं वेगळी मोजली. मेड-४ मध्ये म्यूट-वाय नाही, शेजार जुळतो, जागा आखडलेली, पक्कं. हे गेलं की जी बदलून टी होणारे काही बदल दुरुस्त होत नाहीत आणि जीनोम एटीकडे घसरतो. जीसी ३०.८ चं सगळं श्रेय यालाच द्यायचा मोह आवरा: पेलाजिबॅक्टरही तितकाच एटीभरला आहे, आणि नत्र कमी असलेल्या पाण्यात जीसी जोडीपेक्षा एटी जोडीत नत्राचा एक अणू कमी लागतो हेही आहेच. दोन्ही कारणं आमच्या तक्त्यातून वेगळी करता येत नाहीत, म्हणून तो रकाना काढून टाकला.

९ मार्च

शेवटचा तक्ता: घरात चार खुणा, 'आहे', 'नाही (शेजार तपासून)', 'ठरत नाही', 'जीनोम अपुरा'. पहिल्या रनच्या यादीतली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कुटुंबं गळतीतून बाहेर पडली. हली अजून हातानेच सांभाळावी लागतात, त्यांची फाइल वेगळी आहे, ऑर्थोफाइंडर पुन्हा चालवलं तर ती वरून लिहिली जाणार नाही अशा फोल्डरमध्ये ठेवा. आमची एकदा गेली.